उद्याकाकांचे ड्राफ्ट

उद्याकाकांशी भांडण करणं अशक्य होतं. म्हणजे सुरू करता यायचं, ते काय कोणालाही येतं. पण पुढे न्यायचं कसं? आपण आवाज चढवून, चांगलं तापून एखादं वाक्य फेकावं, तर काका चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकाला पुसायचे आणि म्हणायचे, "बरं. उद्या बोलू." झालं! बरं, टाळाटाळ म्हणावी तर तीही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता, चहा झाला की, यांचा फोन यायचाच. तोवर आपला राग शिळा झालेला असायचा आणि तो परत गरम करायची आपल्यालाच लाज वाटायची.

एकदा इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये रिव्हर्स घेताना त्यांची गाडी एका माणसाच्या नव्याकोऱ्या ट्रकला लागली. मी शेजारच्या सीटवर. तो माणूस खाली उतरून असा काही ओरडायला लागला की कोथिंबीर घेऊन निघालेल्या दोन बायका परत दुकानात शिरल्या. "म्हातारे झालात, दिसत नाही तर घरी बसा," वगैरे. काकांनी इन्शुरन्सचं कार्ड दिलं, नंबर दिला आणि इंग्रजीत सांगितलं, उद्या बोलू. मी मात्र घरी येईपर्यंत धुसफुसत होते. दुसऱ्या दिवशी चारला काकांनी त्याला फोन लावला. "काल तुम्ही म्हणालात मला दिसत नाही. आज सकाळी डोळे तपासून आलो. दिसतं. पण आरशात बघायचं राहिलं, ती चूक माझीच."  त्या माणसाने म्हणे मग स्वतःच्या वडिलांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनबद्दल वीस मिनिटं सांगितलं.

खरं नाव वसंतराव. पण इथं परदेशात, कॅरी गावात त्यांना त्या नावाने हाक मारणारी एकट्या सुमनकाकू. काका या भागात आले तेव्हा तांदूळ आणायलासुद्धा दीड तास ड्राइव्ह करावं लागायचं म्हणे. सगळा जन्म त्यांनी एका पाणी शुद्धीकरणाच्या प्लांटवर इंजिनियर म्हणून काढला आणि तिथूनच रिटायर झाले. मी आले ती त्यांच्यानंतर पुष्कळ वर्षांनी. औषधाच्या कंपनीत नोकरी, दोन मुली, एक घटस्फोट आणि हा जन्मजात रागीट स्वभाव घेऊन. माझं माहेर सांगलीचं, काकांचं मिरजेचं. एवढ्या शेजारधर्मावर त्यांनी मला पुतणीच करून टाकलं.

माझी त्यांच्याकडे जायची वेळ ठरलेली, शनिवारी चार. चहात आलं जास्त, साखर नाही. टीव्हीवर कुठलं ना कुठलं युद्ध चाललेलं असायचं, आवाज बंद करून. पडलेल्या इमारती, ढिगाऱ्यावर उभी राहिलेली बाई, हातात एकच चप्पल. हातातल्या फोनमध्ये आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याच युद्धावरून दोन तट पडलेले. इकडच्या बाजूचे तिकडच्यांना देशद्रोही म्हणताहेत, तिकडचे इकडच्यांना राक्षस, आणि मध्येच कोणीतरी विचारतंय, रविवारच्या पॉटलकला भात कोण आणतंय? मी मंडळाची सेक्रेटरी. सहा वर्षं हे सगळं निस्तरतेय. मला खरं सांगायचं तर कंटाळा आला होता, जगाचाही आणि भाताचाही.

एका पाडव्याला मंडळाने काकांना भाषणाला उभं केलं. विषय कोणीतरी दणकट दिला होता, 'मनःशांतीतून विश्वशांती'. काका चार मिनिटं बोलले. म्हणाले, "लोक म्हणतात, गढूळ पाणी नुसतं ठेवून द्या, आपोआप निवळतं. मी चौतीस वर्षं तेच काम केलं, म्हणून सांगतो, आपोआप काही होत नाही. तुरटी घालावी लागते, थांबावं लागतं, आणि तळाला बसलेला गाळ रोज कोणीतरी उपसावा लागतो. नळाला येणारं स्वच्छ पाणी सगळ्यांना दिसतं. गाळ कुठे जातो ते कोणी विचारत नाही." आणि बसले.

मला त्या दिवशी फार राग येत होता, कशाचा ते सांगता येणार नाही. मी मागून उठून म्हटलं, "काका, हे सगळं ठीक आहे हो. पण तिकडे रोज बॉम्ब पडताहेत. तुम्ही इथं उद्या बोलू म्हटल्याने ते थांबणार आहेत का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काका हसले नाहीत की चिडले नाहीत. "नाही थांबणार," म्हणाले. "माझ्या हातात एवढंच आहे की माझ्याकडून त्यात भर पडू नये. याहून जास्त कोणाला जमत असेल तर त्याने जरूर करावं, मी खुर्च्या उचलायला येईन."

आणि कार्यक्रम संपल्यावर खरोखरच खुर्च्या उचलल्या. त्या वयात!

आता माझी गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय काकांची पुरी होत नाही. दोन वर्षांपूर्वी सांगलीला आई बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, घरी आली, आणि हे सगळं मला कळलं तीन आठवड्यांनी, तेही मावसबहिणीच्या तोंडून. दादाने, माझ्या सख्ख्या मोठ्या भावाने, सांगितलं नाही. रोज फोनवर "आई झोपलीय, आई देवळात गेलीय" चालू होतं. मी फोनवरच त्याला ईमेल लिहिली. दोन पानं भरतील एवढी. जे जे आठवलं ते सगळं घातलं, आणि शेवटी एक वाक्य, जे आजही मला पाठ आहे: "तू आईसाठी तिथे राहिलेला नाहीस दादा, घरासाठी राहिला आहेस."

शनिवार होता. मी तशीच काकांकडे गेले आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी सावकाश, दोनदा वाचलं. म्हणाले, "शुभा, लिहिलंस ते चांगलं केलंस. आता पाठवू नकोस. ड्राफ्टमध्ये ठेव. वर पत्तासुद्धा असू दे, पत्ता काढलास तर ते नुसतं डायरीतलं रडणं होतं. पत्ता आहे, बटण आहे, बोट आहे, आणि आपण दाबत नाही. आठ दिवस. मग परत वाच."

"आणि आठ दिवसांनीही असंच वाटलं तर?"

"तर परत आठ दिवस."

मी म्हटलं, "काका, तुम्हाला राग येतच नाही, तुम्हाला काय कळणार!" आणि चहा अर्धा टाकून उठले. काकू मागून "अगं, चकली तरी" म्हणत राहिल्या. बाहेर त्यांच्या ड्राइव्हवेमध्ये मी गाडीत बसले, बेल्ट लावला, फोन काढला आणि पाठवून दिली.

दादाचं उत्तर सहा तासांनी आलं. "वाचलं. आईशी बोलायचं असेल तेव्हा वहिनीच्या फोनवर करत जा." बस. लहानपणापासून तो मला 'ठमी' म्हणतो. त्या पत्रात नाव नव्हतंच. तेव्हापासून मी वहिनीच्या फोनवर आईशी बोलते आणि मागे दादाच्या खोकल्याचा आवाज ऐकते. मध्ये एकदा सांगलीला जाऊन आले, तर त्याने मला स्टेशनवर घ्यायला माणूस पाठवला आणि दहा दिवस जेवायला वेगळ्या वेळी बसला. आई आता शहाऐंशी वर्षांची आहे. विचारते, "तुम्ही दोघं बोलता ना गं?" मी म्हणते, हो. दादाही हो म्हणतो. एवढ्या एकाच गोष्टीवर आमचं एकमत आहे.

काकांनी मला त्याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. पुढच्या शनिवारी चहा, आलं जास्त, साखर नाही. उलट मलाच त्यांच्या त्या शांतपणाचा वीट यायचा. वाटायचं, यांचं बरं आहे, देवाने थंड डोकं देऊन पाठवलंय. आम्ही आपले जळून मरतोय आणि हे चष्मा पुसताहेत.

काका या एप्रिलमध्ये गेले. पाइनचा पिवळा पराग सगळीकडे साचलेला होता; गाड्या, पायऱ्या, टपालपेटी, सगळं पिवळंधमक. सकाळी ते अंगणातल्या खुर्च्या पुसायला गेले आणि तिथेच बसल्या जागी गेले. फार हाल झाले नाहीत, सगळे म्हणाले. मला ते ऐकून काही बरं वाटलं नाही.

मुलगा नील डेन्व्हरहून आला आणि दोन आठवडे राहिला. इथंच जन्मलेला, चाळिशीचा, शांत मुलगा. मराठी समजतं बऱ्यापैकी, बोलतो तोडकंमोडकं, वाचता अजिबात येत नाही. आईला एकटीला झेपणार नाहीत ती सगळी कामं तो एकेक करून उरकत होता. त्यात त्याने काकांचा लॅपटॉप उघडला. ईमेलमध्ये ड्राफ्ट सापडले. शंभराच्या वर. सगळे मराठीत, आणि प्रत्येकावर पत्ता घातलेला.

बिचाऱ्याला काय वाटलं असेल, बघा. डॅडनी एवढ्या लोकांना पत्रं लिहिली आणि पाठवायची राहून गेली! ट्रान्स्लेट करून बघता आलं असतं, पण दुसऱ्याचं खाजगी पत्र वाचू नये, हे वळण त्याला काकांनीच लावलेलं. म्हणून शनिवारी दुपारी बसून त्याने एकेक पत्र उघडलं, प्रत्येकाच्या वर स्वतः इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या, "हे डॅडच्या ड्राफ्टमध्ये सापडलं. मला वाचता येत नाही, पण हे तुमच्यापर्यंत पोचावं अशी त्यांची इच्छा असणार," आणि पाठवून दिलं. मन लावून, एकही न चुकवता.

मी त्या वेळी काकूंकडे होते. चारचा चहा मीच टाकला होता. पहिला फोन आला मोहनरावांचा. मोहनराव म्हणजे मंडळाचे माजी अध्यक्ष, आवाज असा की माइक लागत नाही. पण त्या दिवशी ते फोनवर धड बोलतच नव्हते. "शुभा, मी येतोय," एवढंच म्हणाले. दहा मिनिटांत आले. नील वर आवराआवर करत होता. मोहनरावांनी स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि फोन टेबलावर ठेवला. "मला तीन आलीत. तीन!"

मी वाचलं. पहिल्याची सुरुवात होती: "मोहन, तू गाढव आहेस. आज मीटिंगमध्ये चाळीस माणसांसमोर मला म्हातारे झालात, आता घरी बसा म्हणालास. तुझ्या त्या ढोलासारख्या आवाजाने तुला वाटतं आपण नेते आहोत." आणि असंच खाली पानभर. काकांची भाषा? उद्याकाकांची? मला वाचताना घामच फुटला. आणि सगळ्यात तळाला, एक ओळ सोडून, लिहिलेलं: "आठ दिवसांनी वाचलं. निम्मं खरं आहे. पाठवण्याइतकं नाही."

मोहनराव म्हणाले, "तारीख बघ. माझं बायपास झालं त्या वसंतातली. मी त्यांना घरी बसा म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी हा माणूस बूट घालून माझ्या दारात. चल मोहन, डॉक्टरने चालायला सांगितलंय ना. दोन महिने रोज मला चालायला नेलं. मला वाटायचं, यांना काही लागलंच नाही." आणि तो एवढा मोठा माणूस काकूंच्या स्वयंपाकघरात रडायला लागला.

काकूंनी त्यांच्यापुढे पाणी ठेवलं. मी विचारलं, "काकू, तुम्हाला माहीत होतं?"

"तू नसायचीस तेव्हा चार वाजता चहा घेऊन बसायचे ना खोलीत. आधी नवीन लिहायचे, मग जुनी काढून वाचायचे. मला वाटायचं, मुद्दाम ठेवलीत तर राहू देत."

"तुमच्या नावाचं नाही एकही?"

"मला आणि नीलला तोंडावरच मिळायचं गं," काकू म्हणाल्या. "घरात कसला ड्राफ्ट!"

तोवर माझा फोन सारखा वाजायला लागला होता. अ‍ॅशबर्नहून, रेडमंडहून, जिथे जिथे इथली माणसं नोकरीपायी पांगली आहेत तिथून. कोणी चिडलेलं, कोणी हादरलेलं, कोणी विचारतंय, हा काय प्रकार आहे, नीलला फोन करून विचारू का? काकू उठल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना मोठ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. "शुभा, सगळ्यांना सांग. पोराने बापाच्या मायेने केलंय हे. त्याला कोणी काही बोलायचं नाही. विचारलं तर छान पत्र होतं म्हणायचं. आणि काय बोलायचं असेल ते माझ्याशी बोला म्हणावं. उद्या."

मी ग्रुपवर टाकलं. नील त्या ग्रुपवर नव्हता, हे नशीब. आणि काय सांगू, आमचं हे मंडळ! गणपती शनिवारी बसवायचा की रविवारी यावरून फुटलेलं, साध्या भातावरून तीन दिवस भांडणारं. साठ-सत्तर माणसं, प्रत्येकाच्या हातात स्वतःच्या नावाची शिव्यांची चिठ्ठी. आणि एकानेही तोंड उघडलं नाही. पुढचे चार दिवस नीलला मेसेज येत राहिले, खूप छान पत्र होतं, थँक यू, जपून ठेवेन. जाताना विमानतळावर तो मला म्हणाला, "शुभाताई, एव्हरीबडी लव्हड देम." मी म्हटलं, हो रे बाळा. त्याला आजही माहीत नाही. पुढे वाचायला शिकला तर शिकला.

माझ्या नावाचं पत्र मी दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी उघडलं. धीर होत नव्हता. एकच होतं.

"शुभा, आत्ता तू माझ्या ड्राइव्हवेमध्ये गाडीत बसली आहेस आणि मी खिडकीतून बघतो आहे. तुझी मान खाली आहे, म्हणजे तू पाठवते आहेस. तुला स्वतःच्या रागाचं फार कौतुक आहे. तुला वाटतं, राग आला म्हणजे आपण खऱ्या आणि बाकीचे ढोंगी. मला राग येत नाही म्हणालीस. अगं मूर्ख मुली, मी इथं आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी वडील गेले आणि माझ्या थोरल्या भावाने, दादाने, मला तार केली नाही, पत्र पाठवलं. ते पोचेपर्यंत दिवसपाणी होऊन गेलं होतं. मी तिथल्या तिथे त्याला उत्तर लिहिलं आणि कोपऱ्यावरच्या निळ्या टपालपेटीत टाकलं. टाकल्यावर दोन मिनिटांत कळलं, काय केलं ते. पेटी उघडायला पोस्टमन येईपर्यंत चार तास बर्फात उभा राहिलो. त्याला हात जोडले. तो म्हणाला, सर, एकदा आत पडलं की ते तुमचं राहत नाही. दादा त्यानंतर एकतीस वर्षं जगला. चांगला वागला. पण मला बाळ्या म्हणायचं त्याने सोडलं. इंजिनियरसाहेब म्हणायचा. मला वाटायचं, आज म्हणेल, उद्या म्हणेल. मीही कधी विषय काढला नाही."

खाली एक ओळ सोडून:

"आठ दिवसांनी वाचलं. निम्मं खरं आहे. पण मी उठून बाहेर यायला हवं होतं, काचेवर टकटक करायला हवी होती. आलो नाही, कारण मला तुझा राग आला होता. हे मात्र सगळंच खरं आहे."

मी किती वेळ बसून होते कोण जाणे. रडले, भरपूर रडले. मग त्यांच्यावर चिडले, अहो, हे तेव्हाच सांगायला काय झालं होतं? मग चिडायलाही दमले. त्या माणसाला माझ्याएवढाच राग यायचा. रोज यायचा. रोज चार वाजता बसून तो हा राग उपसायचा आणि आम्हाला चहा पाजायचा. आणि आम्ही म्हणायचो, त्यांचं बरं आहे!

साडेआठ वाजले होते. म्हणजे तिकडे संध्याकाळचे सहा. मी वहिनीचा नाही, दादाचा नंबर लावला. दोन वर्षांनी. चार-पाच रिंग झाल्या.

"कोण?"

"मी. ठमी."

 मागे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाला, "थांब, आईला देतो."

"आईला नको दादा. तुझ्याशी बोलायचंय. मी जे लिहिलं होतं ना शेवटी, घराचं, ते..."

"आज नको," तो मध्येच म्हणाला. आवाज केवढा थकला होता त्याचा! "आईला आत्ताच पुसून घेतलंय, कपडे बदललेत. पाठ भरून आलीय माझी. उद्या बोलू."

फोन बंद झाला. उद्या बोलू असं सगळेच म्हणतात, त्याला काय अर्थ असतो? ते शब्द खरे करणारा माणूस माझ्या माहितीत एकच होता, आणि तो गेला.

तरी सोमवारी सकाळी मी साडेआठची मीटिंग कॅन्सल केली. चहा केला, आलं जास्त घालून, आणि फोन समोर ठेवून बसले. साडेआठ झाले. आठ एकतीस.

आठ बत्तीसला वाजला.

"हं," दादा म्हणाला. "बोल ठमे."